मुंबईची बदलती क्षितिजरेषा : गिरणीच्या चिमणीपासून गगनचुंबी मनोऱ्यापर्यंत

प्रस्तावना

कोणत्याही शहराचा इतिहास लिहिताना अभ्यासक प्रामुख्याने कागदपत्रे, शासकीय अहवाल, वृत्तपत्रे व आठवणी यांचा आधार घेतात. शहराची क्षितिजरेषा, म्हणजे दुरून पाहिले असता आकाशाच्या पार्श्वभूमीवर उमटणारी इमारतींची बाह्याकृती, हे मात्र इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच विचारात घेतले जाते. वास्तविक एखाद्या काळात शहरातील सर्वात उंच वास्तू कोणती होती, ती कोणी बांधली, कशासाठी बांधली आणि तिच्या सावलीत कोण राहत होते, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या काळातील अर्थव्यवस्था व सत्तासंबंध यांचे पुरेसे स्पष्ट चित्र उभे राहते.

प्रस्तुत शोधनिबंधात मुंबई शहराच्या, विशेषतः गिरणगावाच्या, क्षितिजरेषेत १९८२ नंतर घडून आलेल्या परिवर्तनाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. परळ, लालबाग, भायखळा, वरळी, लोअर परळ, दादर व शिवडी या परिसरात शतकाहून अधिक काळ कापड गिरण्यांच्या चिमण्या ही सर्वात ठळक खूण होती. आज त्याच भूमीवर देशातील काही सर्वात उंच निवासी इमारती उभ्या आहेत. हे परिवर्तन म्हणजे शहराच्या वाढीचा नैसर्गिक व अपरिहार्य टप्पा होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही धारणा कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक वाटते.

या विषयाकडे वळण्यास एक व्यक्तिगत कारणही आहे. आमचे महाविद्यालय सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात आहे. येथील अनेक घरांतील किमान एक पुरुष एके काळी मुंबईच्या गिरणीत कामाला होता. प्रस्तुत लेखकाचे आजोबाही लालबागच्या एका चाळीत, गावकऱ्यांच्या गाळ्यात राहून साचेखात्यात काम करीत असत. संपानंतर ते गावी परतले. गिरणी कोठे होती हे सांगताना ते रस्त्याचे नाव कधी सांगत नसत, चिमणीची खूण सांगत. पुढे संशोधनाच्या निमित्ताने त्या ठिकाणी जाण्याचा योग आला, तेव्हा ती खूण सापडली नाही. क्षितिजरेषेतील बदल हा केवळ वास्तुशास्त्राचा विषय नसून स्मृतीचा व हक्काचाही विषय आहे, ही जाणीव त्यातून झाली.

संशोधनाची उद्दिष्टे

१) मुंबईच्या क्षितिजरेषेतील बदलाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
२) १९८२ नंतरच्या बदलामागील आर्थिक व कायदेशीर कारणांचा शोध घेणे.
३) या बदलाचा गिरणगावातील श्रमिक वर्गावर झालेला परिणाम अभ्यासणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विकास नियंत्रण नियमावली, न्यायालयीन निर्णय, जनगणना, मुंबईविषयीचे प्रकाशित ग्रंथ व प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. घुमट, मनोरे आणि चिमण्या

गोविंद नारायण माडगावकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या काळात मुंबई एका मोठ्या संक्रमणातून जात होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे प्रचंड संपत्ती आली. तटाच्या जागी मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढील दोन-तीन दशकांत गॉथिक शैलीतील सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला व प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची २८० फूट असून दीर्घकाळ तो शहरातील सर्वात उंच वास्तूंपैकी एक होता. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि त्यासमोरील महानगरपालिकेची इमारत यांनी या क्षितिजरेषेला पूर्णत्व दिले. विद्यापीठ, रेल्वे, महापालिका व न्यायालय या संस्थांना शहराच्या आकाशात स्थान मिळाले होते, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

शहराच्या उत्तर भागात मात्र याच काळात दुसरी एक क्षितिजरेषा आकारास येत होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची स्थापना केली व ताडदेव येथील त्यांच्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतर गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढत गेली. गिरणीचे बाह्यरूप ठरलेले असे. करवतीच्या दात्यांसारखी छपरे, उत्तरेचा प्रकाश आत घेणाऱ्या काचा, दगडी कुंपणभिंत व या सर्वांवर उभी असलेली विटांची उंच चिमणी. चिमणीची उंची ही शोभेसाठी नव्हती. बाष्पकाच्या भट्टीतील कोळसा नीट पेटण्यासाठी हवेचा ओढ आवश्यक असतो आणि चिमणी जितकी उंच तितका तो ओढ अधिक असतो. धूर वस्तीच्या वर नेऊन सोडणे हाही तिचा उपयोग होता. १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागल्यावर वाफेवरील अवलंबित्व क्रमाने कमी झाले. तरीही चिमण्या उभ्याच राहिल्या.

एकाच कापसाच्या व्यापारातून दक्षिण मुंबईतील मनोरे व उत्तरेकडील चिमण्या निर्माण झाल्या, असे म्हणता येईल. मनोऱ्यावरचे घड्याळ कचेरीची वेळ दाखवी, तर गिरणीचा भोंगा पाळीची वेळ सांगे. चिमण्यांच्या पायथ्याशी दोन ते चार मजली चाळींची दाट वस्ती होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काही चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे तळमजला अधिक तीन मजल्यांच्या २०७ चाळी उभारल्या. त्या आजही बीडीडी चाळी या नावाने ओळखल्या जातात. १० फूट बाय १२ फुटांच्या आसपासच्या खोलीत एक कुटुंब किंवा पाळीपाळीने झोपणारे अनेक पुरुष राहत असत. तेव्हा या जुन्या क्षितिजरेषेचे स्मरणरंजन करताना तिच्याखालील धूर, दाटी व कापसाच्या तंतूंमुळे होणारा फुफ्फुसाचा विकार यांचा विसर पडू देणे योग्य ठरणार नाही.

२. समान उंचीचा काळ व नरिमन पॉइंट

१९३० व १९४० च्या दशकांत बॅकबे भरावाच्या भूमीवर मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानालगत आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या. सिमेंट काँक्रीटचा सांगाडा व उद्वाहन यांमुळे अधिक उंची शक्य झाली होती. तरीही या इमारती साधारण एकाच उंचीच्या ठेवण्यात आल्या. मध्यमवर्गीय व उच्च मध्यमवर्गीय नागरी जीवनाची ही क्षितिजरेषा होती. हा परिसर गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात दोन विरुद्ध प्रवाह दिसून येतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, परंतु नव्या भाड्याच्या घरांची निर्मिती जवळजवळ थांबली आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीकडे मालकांनी पाठ फिरवली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन करून अशा १९ हजारांहून अधिक इमारती उपकराच्या कक्षेत आणाव्या लागल्या. दुसरीकडे नरिमन पॉइंट येथील नव्या भराव भूमीवर १९७० च्या दशकात कार्यालयीन इमारतींचा समूह उभा राहिला. १९७४ मध्ये पूर्ण झालेली २३ मजली एअर इंडिया इमारत ही त्याची प्रातिनिधिक वास्तू होय. आकाशातील स्थान आता सार्वजनिक संस्थांकडून कंपन्यांच्या मुख्यालयांकडे जाऊ लागले होते.

याच सुमारास या वाढीला पर्यायही मांडला गेला होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. त्यातून १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. मात्र नवी मुंबई वसत असतानाही दक्षिण मुंबईतील भराव व बांधकाम चालूच राहिले.

३. १९८२ चा संप आणि जमिनीचे बदललेले मूल्य

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. हा संप अधिकृतरीत्या कधीही मागे घेतला गेला नाही. संपामुळे गिरण्या बंद पडल्या, असे सरसकट विधान केले जाते. परंतु कापड उद्योगाचे केंद्र भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांकडे सरकण्याची प्रक्रिया संपापूर्वीच सुरू झाली होती. अनेक मालकांनी दीर्घकाळ यंत्रसामग्रीचे नूतनीकरण केले नव्हते. १९८३ मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तर १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने तोट्यातील गिरण्या बंद करण्याचा मार्ग मोकळा केला.

या घटनाक्रमात एक मूलभूत बदल घडला. गिरणीतील यंत्रांपेक्षा व उत्पादनापेक्षा तिच्याखालील जमीन अधिक मौल्यवान ठरली. शहराच्या मध्यवर्ती भागात, दोन्ही रेल्वेमार्गांना लागून, सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांच्या ताब्यात होती. चिमणी उत्पादनासाठी आवश्यक होती. उत्पादन थांबल्यावर तिचे प्रयोजनच उरले नाही.

४. नियमावलीने आखलेली रेषा

उंच इमारती तंत्रज्ञानामुळे उभ्या राहतात, असा समज आहे. तंत्रज्ञानाने उंची शक्य होते हे खरे, परंतु ती कोठे व किती असावी हे नियम ठरवतात. मुंबईच्या बाबतीत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच रूढ भाषेत एफएसआय, ही संकल्पना निर्णायक ठरली. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, याचे ते प्रमाण होय. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहर विभागासाठी तो १.३३ व उपनगरांसाठी १ असा ठरविण्यात आला. म्हणजे शहरात १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १,३३० चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय होते. केवळ या मर्यादेत ६० मजली इमारत उभी राहणे सर्वसाधारण भूखंडावर संभवत नाही. ती उभी राहते ती अपवादांमुळे.

हे अपवाद क्रमाने वाढत गेले. विकास हक्क हस्तांतरण, उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी प्रोत्साहनात्मक निर्देशांक, १९९५ पासूनची झोपडपट्टी पुनर्वसन योजना, सार्वजनिक वाहनतळाच्या बदल्यात मिळणारे जादा बांधकाम आणि २०१२ पासून अधिमूल्य भरून मिळणारा ३५ टक्क्यांपर्यंतचा अतिरिक्त निर्देशांक हे त्यांतील प्रमुख होत. या सर्व तरतुदींमागील सूत्र एकच आहे. विकासकाने सार्वजनिक हिताचे एखादे काम करावे आणि त्या मोबदल्यात शासनाने त्याला आकाशातील जागा द्यावी. शासनाला रोख खर्च करावा लागत नाही, ही या सूत्राची सोय होय. परंतु जेथे जमिनीचे दर सर्वाधिक तेथेच असे बांधकाम सर्वाधिक लाभदायक ठरते, हा त्याचा परिणामही होय.

उंचीचा भूगोलही नियमांनीच ठरविला. विमानतळाच्या परिसरात उंचीवर मर्यादा असल्याने वांद्रे-कुर्ला संकुलासारखे श्रीमंत कार्यालयीन केंद्रही तुलनेने बुटके राहिले. १९९१ ची सागरी किनारा नियमन अधिसूचना व १९९५ ची वारसा नियमावली यांमुळे फोर्ट व मरीन ड्राइव्हचे जुने रूप बऱ्याच अंशी टिकले. परिणामी उंचीचा सारा भार ताडदेव, महालक्ष्मी, वरळी, लोअर परळ, परळ व भायखळा या मधल्या पट्ट्यावर, म्हणजे प्रामुख्याने गिरणगावावर आला.

५. एक तृतीयांशाचे सूत्र व त्याचा संकोच

गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ च्या नियमावलीत स्वतंत्र नियम ५८ करण्यात आला. जमीन विकसित करावयाची झाल्यास तिचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी व उर्वरित मालकाला, असे हे सूत्र होते. ते प्रत्यक्षात आले असते तर शहराच्या मध्यभागी सुमारे २०० एकर मैदाने व उद्याने आणि जवळपास तेवढ्याच जमिनीवर परवडणारी घरे निर्माण होऊ शकली असती. १९९६ मध्ये शासनाने या जमिनींच्या एकत्रित नियोजनासाठी चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगटही नेमला होता. मात्र एकत्रित आराखडा अमलात आला नाही.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती करण्यात आली. त्यानुसार विभागणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करावयाची होती. गिरण्यांचा बहुतेक भाग शेड, गोदामे व इतर बांधकामांनी व्यापलेला असल्याने सार्वजनिक वाटा मोठ्या प्रमाणावर घटला. एका शब्दाच्या व्याख्येतील या बदलाने पुढील काळातील क्षितिजरेषा निश्चित केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. २००३ मध्ये ‘बॉम्बे फर्स्ट’ व मॅकिन्झी यांचा मुंबईविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मुंबईचे शांघाय करण्याची भाषा याच काळात प्रचलित झाली. दुरुस्तीविरुद्ध दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ ची दुरुस्ती ग्राह्य धरली.

दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, कोहिनूर क्रमांक ३ व मुंबई टेक्स्टाईल या त्या गिरण्या होत. एकट्या मुंबई टेक्स्टाईल मिलच्या जमिनीला ७०२ कोटी रुपये मिळाले. त्यानंतरच्या दीड दशकात चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. श्रीनिवास मिलच्या जागेवरील ‘वर्ल्ड वन’ ही निवासी इमारत २०२० मध्ये पूर्ण झाली. तिची उंची २८० मीटर आहे. राजाबाई मनोऱ्याची उंची २८० फूट होती, हे येथे तुलनेसाठी नमूद करता येईल. आकडा तोच राहिला असला तरी एकक बदलले आणि उंचीचे धनीही बदलले. यानंतर मुंबईत याहून उंच इमारतीही उभ्या राहिल्या आहेत.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतूनही असेच चित्र निर्माण झाले. ताडदेव येथील एम. पी. मिल कंपाउंड या वस्तीच्या पुनर्वसनातून २०१० मध्ये ‘इम्पीरियल’ हे जुळे मनोरे पूर्ण झाले. मूळ रहिवाशांना जवळच पुनर्वसन इमारतींत घरे मिळाली. आज हार्बर मार्गावरून किंवा समुद्रावरून पाहिल्यास दूरवर मनोरे तेवढे दिसतात. त्यांना शक्य करणाऱ्या पुनर्वसन इमारती क्षितिजरेषेत उमटत नाहीत.

६. क्षितिजरेषेखालील जमीन

क्षितिजरेषेचा अभ्यास वर पाहून पूर्ण होत नाही. तिच्याखालील रस्ते, पूल, मैदाने व माणसे यांचाही विचार करावा लागतो. गिरण्यांच्या काळात परळ-एल्फिन्स्टन परिसरात लाखो कामगार येत असत, परंतु त्यांतील बहुसंख्य पायी येण्याच्या अंतरावर राहत. गिरण्यांच्या जागी कार्यालये आल्यानंतर रोज दूरच्या उपनगरांतून लोकलने येणाऱ्यांची संख्या अफाट वाढली. जमिनीवरील सुविधा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. दोन्ही घटनांची तात्कालिक कारणे भिन्न होती. तथापि, एकेका भूखंडाचा स्वतंत्र विकास झाला आणि संपूर्ण परिसराचे एकत्रित नियोजन झाले नाही, ही पार्श्वभूमी दोन्हींना समान होती. कोरिया अभ्यासगटाची नेमणूक ज्या हेतूने झाली होती, तो नेमका हाच होता.

गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवरील ६,९२५ घरांची सोडत २०१२ मध्ये काढण्यात आली. त्यानंतर आणखी काही सोडती झाल्या. अर्ज करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या मात्र सुमारे दीड लाख होती. आमच्या परिसरातील अनेक वृद्ध कामगार सोडतीची वाट पाहत निवर्तले. त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांत गिरणीचे ओळखपत्र व भविष्यनिर्वाह निधीची पावती अजूनही जपून ठेवलेली आढळते.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांचे वाटप झाले. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-चार पिढ्या काढलेल्या कुटुंबांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचे, स्वतःच्या मालकीचे घर मिळणे ही मोठी उपलब्धी होय. या इमारती ४० मजली आहेत. म्हणजे उंची ही श्रमिकांच्या विरोधातच असते असे नाही. शासकीय यंत्रणेने मूळ रहिवाशाला केंद्रस्थानी ठेवले तर तीच उंची त्याच्याही उपयोगी पडू शकते. चाळीच्या सामायिक गॅलरीतील शेजारधर्म, चौकातील गणेशोत्सव व दहीहंडी ४० मजल्यांवर कशी टिकतील आणि देखभालीचा खर्च कुटुंबांना कितपत पेलेल, हे प्रश्न पुढील काळात अभ्यासावे लागतील.

दादर येथील इंदू मिलची, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६ ची जमीनही या संदर्भात महत्त्वाची आहे. आंबेडकरी चळवळीच्या दीर्घ मागणीनंतर तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले. नियोजित पुतळ्याची उंची ३५० फूट आहे. गिरणीच्या जमिनीवरील उंची सार्वजनिक स्मृतीसाठी मागितली गेली व ती मान्य झाली, असे हे ठळक उदाहरण होय.

७. साहित्य व स्मृती

नारायण सुर्वे यांच्या कवितेने गिरणगावाला मराठी साहित्यात कायमचे स्थान दिले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने संपानंतर विखुरलेल्या कामगार कुटुंबाची अवस्था रंगभूमीवर आणली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मौखिक इतिहासाचे मोलाचे संकलन केले. प्रत्यक्ष वास्तूंच्या बाबतीत मात्र फारच थोडे शिल्लक राहिले आहे. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी आज खरेदी संकुलाच्या आवारात उभी आहे. चिमणी राखली गेली हे स्वागतार्हच आहे. पण तेथे येणाऱ्या तरुणांना ती सजावटीचा भाग वाटते. वास्तू टिकली तरी तिचा अर्थ सांगणारा इतिहास टिकला नाही तर काय होते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

निष्कर्ष

१) मुंबईच्या क्षितिजरेषेवर क्रमाने सार्वजनिक संस्था, गिरणी उद्योग, कंपन्यांची मुख्यालये व खाजगी निवासी मनोरे यांचे वर्चस्व राहिले. आकाशातील स्थान सार्वजनिक व उत्पादक उपयोगाकडून खाजगी उपभोगाकडे सरकल्याचे दिसून येते.
२) १९८२ नंतरचा बदल हा केवळ आर्थिक घडामोडींचा अपरिहार्य परिणाम नव्हता. १९९१ चे सूत्र, २००१ ची दुरुस्ती व २००६ चा न्यायनिर्णय या टप्प्यांवर भिन्न मार्ग उपलब्ध होते. त्यांतील एक निवडला गेला.
३) उंच इमारत ही स्वतः दोषास्पद नाही. उंचीच्या मोबदल्यात शहराला व मूळ रहिवाशांना काय मिळाले, हाच तिच्या मूल्यमापनाचा ऐतिहासिक निकष असावा. या निकषावर बीडीडी चाळींचा व गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव परस्परभिन्न ठरतो.
४) क्षितिजरेषेचा इतिहास मुंबईपुरता मर्यादित नाही. सातारा, रत्नागिरी यांसारख्या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा इतिहास त्यात गुंतलेला आहे.

सूचना

शेवटच्या निष्कर्षाला अनुसरून सहकारी प्राध्यापकांसमोर एक सूचना ठेवाविशी वाटते. संपाच्या वेळी पंचविशीत असलेले कामगार आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणींची नोंद घेण्यासाठी फार काळ हाती उरलेला नाही. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून आपापल्या परिसरातील निवृत्त गिरणी कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात व त्यांच्याकडील कागदपत्रांच्या प्रती महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन कराव्यात. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गिरण्यांच्या चिमण्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. परंतु त्या कोठे होत्या, कोणासाठी पेटत होत्या आणि त्यांच्या जागी काय आले, हे सांगणारी साधने पुढील पिढीच्या अभ्यासकांना उपलब्ध करून देणे आपल्या हाती आहे.